टॅपेट गप्प झाला, हीच खरी तक्रार

वाचकाचं पत्र:

वडिलांची जुनी गाडी माझ्याकडे आहे. चार सिलिंडर, कार्ब्युरेटर, पुश रॉडचं इंजिन. तीन वर्षं झाकून ठेवली होती, यंदा पुन्हा चालू केली. सुरुवातीला वरून टिक-टिक आवाज यायचा. ओळखीच्या एका मेकॅनिकने टॅपेट कव्हर उघडून सगळे स्क्रू पाव-पाव फेरा आवळले आणि आवाज एकदम बंद झाला. मी खूश. पण पुढच्या सात-आठशे किलोमीटरमध्ये गाडीची ओढ गेली. थंड इंजिन ठीक चालतं, गरम झालं की स्लोवर थरथरतं, सायलेन्सरमधून फुस-फुस येतं. सकाळी स्टार्ट केल्यावर निळा धूर निघतो, मिनिटभरात जातो. आता तोच मेकॅनिक म्हणतो, इंजिन उतरवून पूर्ण बांधावं लागेल. दुसरा म्हणतो, ऑइलमध्ये टाकायचं एक औषध येतं, ते टाका. काय करू? आणि एक शंका: माझा भाऊ म्हणतो, त्याच्या गाडीचे टॅपेट कधी सेटच करावे लागत नाहीत. हे खरं का?

उत्तर:

नमस्कार. पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ‘मी खूश’ या शब्दांपाशी अडखळलो. बिघाड तिथेच सुरू झालाय. गाडी काहीतरी सांगत होती, तिचं म्हणणं ऐकून न घेता तिचं तोंड बंद केलं गेलं.

तेव्हा पहिलं काम म्हणजे गाडी चालवणं आजपासून बंद करा. इंजिन उतरवायचं नाही, औषधही टाकायचं नाही. टॅपेट सैल करून मापात आणायचे, मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते, बघायचं, आणि ते आकडे हातात आल्यावरच पुढे काय उघडायचं ते ठरवायचं. या क्रमाने गेलात तर निम्मा खर्च वाचण्याची शक्यता आहे. उलट गेलात तर पिस्टनच्या नवीन रिंगा टाकलेल्या इंजिनात जळका व्हॉल्व्ह तसाच राहील. तसं झालेलं मी पाहिलंय.

आमचे उस्ताद म्हणायचे, वाजणारा टॅपेट टिकतो, गप्प टॅपेट जळतो. तुमच्या इंजिनात कॅम खालून टॅपेट उचलतो, टॅपेट पुश रॉडला ढकलतो, रॉड रॉकरला झुकवतो आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबून उघडतो. रॉकरचं टोक आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यामध्ये जो गॅप ठेवतात, तो व्हॉल्व्ह तापून लांबला तरी पूर्ण बंद व्हावा म्हणून. टॅपेट सेट करणं म्हणजे हाच गॅप मापात आणणं. एक्झॉस्ट, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणाऱ्या, व्हॉल्व्हची बशी चालू इंजिनात सातशे-आठशे अंश सेल्सिअसपर्यंत तापते. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांत (७२० अंशांत) हा व्हॉल्व्ह साधारण एक तृतीयांश वेळ उघडा असतो. उरलेला वेळ सीटवर, म्हणजे आपल्या बैठकीवर, टेकून तो अंगातली उष्णता हेडमध्ये, इंजिनाच्या वरच्या भागात, सोडत असतो. उष्णतेचा मोठा वाटा, ढोबळ मानाने तीन चतुर्थांश, सीटमधूनच जातो. बाकीची दांड्यातून गाइडमध्ये, म्हणजे दांडा ज्या नळीत सरकतो तिच्यात. गॅप संपला की व्हॉल्व्ह सीटवर नीट टेकत नाही. मग दोन गोष्टी एकदम होतात. थंड व्हायची वाट बंद होते, आणि जळता वायू त्या केसभर फटीतून शिट्टीसारखा सुटतो. असा व्हॉल्व्ह काढून हातात घेतला तर कडेला उंदराने कुरतडल्यासारखा घास गेलेला दिसतो. बाकीची कड चांगली राखाडी, गुळगुळीत, आणि एकाच जागी काळपट खाच. तेवढ्या खाचेने अख्खा सिलिंडर बसतो.

आता तो ‘पाव फेरा’. ऐकायला किती निरुपद्रवी वाटतो! पण ॲडजस्टिंग स्क्रूचा आटा एक मिलिमीटर पिचचा धरला, तर पाव फेऱ्यात तो ०.२५ मिलिमीटर सरकतो. बऱ्याच पुश रॉड इंजिनांत रॉकरचा व्हॉल्व्हकडचा हात दुसऱ्या हातापेक्षा लांब असतो, जवळपास दीडपट. म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी हे सरकणं पावणेचार दशांशाच्या घरात जातं. आणि अशा इंजिनांचे गॅप किती असतात? इनलेटला (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला) साधारण ०.१५ ते ०.२५, एक्झॉस्टला ०.२० ते ०.३० मिलिमीटर. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा, माझ्यावर जाऊ नका. पण हिशेब कळला असेल. पाव फेऱ्यात अख्खा गॅप गिळला जातो आणि वर थोडं उरतं.

तुमचं इंजिन थंड असताना नीट चालतं, याचा अर्थ गॅप आधी थोडे वाढलेले असावेत, म्हणून आवळल्यावरही केसभर शिल्लक राहिला. तापलं की तोही संपतो आणि व्हॉल्व्ह अधांतरी राहतो. गरम झाल्यावर थरथर, ओढ कमी, सायलेन्सरमधून ठरावीक तालात फुस. ही सगळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळण्याची लक्षणं आहेत. फुसफूस कार्ब्युरेटरमधून उलटी येत असती तर मी इनलेटवर संशय घेतला असता. आणखी एक गंमत बघा. आवाज बहुधा आठांपैकी एक-दोनच रॉकरचा असणार. मेकॅनिकने मात्र आठही आवळले. म्हणजे जो खरा ढिला होता तो कदाचित आता मापाच्या जवळ असेल आणि जे बिचारे नीट होते तेच जळतायत.

टॅपेट सेट करायला फार हत्यारं लागत नाहीत. फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचा जुडगा), एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक निवांत सकाळ. बहुतेक मॅन्युअल थंड इंजिनावर माप घ्यायला सांगतात, काही गरमवर. दोन्हींचे आकडे वेगळे असतात, त्यामुळे ते पान आधी वाचा. बॅटरीची वायर काढा, गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना ओट लावा, चारही प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन चालतं त्याच दिशेने फिरवा.

कुठला व्हॉल्व्ह कधी सेट करायचा, इथे लोक गोंधळतात. काही जण ‘नऊची बेरीज’ वापरतात, म्हणजे व्हॉल्व्हना एका टोकाकडून १ ते ८ आकडे द्यायचे, आठवा पूर्ण उघडा असताना पहिला सेट करायचा, सातवा उघडा असताना दुसरा, असं. सोपं आहे, पण इनलेट-एक्झॉस्टची मांडणी दोन्ही टोकांकडून सारखी असेल तरच चालतं. एकाआड एक असतील तर गणित बिघडतं. मला झुलण्याची पद्धत जास्त भरवशाची वाटते. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ असेल तर चौथ्या सिलिंडरकडे बघत इंजिन फिरवा. त्याचा एक्झॉस्ट रॉकर वर येत येत बंद होतो आणि त्याच वेळी इनलेटचा खाली दबायला लागतो. दोन्ही झुल्यासारखे हलतात तो क्षण पकडा. त्या वेळी पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला असतो, त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. ते दोन सेट करा. अर्धा फेरा पुढे गेलात की दुसरा झुलतो, तेव्हा तिसरा सेट. आणखी अर्धा फेरा, पहिला झुलतो, चौथा सेट. शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात तिसरा झुलतो, दुसरा सेट. क्रँकच्या दोन फेऱ्यांत काम खलास.

सेट करण्याआधी मात्र आठही गॅप आत्ता जसे आहेत तसे मोजून वहीत लिहा. हे लोक हमखास विसरतात, आणि तिथेच पुरावा असतो. कुठल्या व्हॉल्व्हला गेजचं सगळ्यात बारीक पातंसुद्धा शिरत नाही, कुठला अजून ढिला आहे, हे नंतर कळायला मार्ग नाही.

मापाचं पातं आत सरकवल्यावर ते चिकटल्यासारखं ओढलं गेलं पाहिजे, जड पुस्तकाखालून कागद ओढावा तसं. अडकायलाही नको, सळसळायलाही नको. शंका आली तर ०.०५ जाडीला जास्त असलेलं पातं लावून बघा, ते शिरता कामा नये. स्क्रू धरून ठेवून लॉक नट आवळा आणि परत मोजा, कारण नट आवळताना स्क्रू हमखास किंचित फिरतो. दहातल्या सात वेळा परत करावं लागतं. कंटाळू नका.

इथे माझ्या उमेदवारीतला एक फजितीचा प्रसंग सांगतो. एका इंजिनाचा एक्झॉस्ट रॉकर मी तीनदा ०.३० वर सेट केला. पातं छान ओढून येत होतं, पण कव्हर लावून स्टार्ट केलं की टिक-टिक चालूच. चौथ्यांदा उघडल्यावर उस्तादांनी रॉकर वर उचलायला लावला आणि त्याच्या टोकावरून माझं नख फिरवलं. मधोमध वाटीसारखा खड्डा! व्हॉल्व्हच्या दांड्याने वर्षानुवर्षं ठोकून तो पाडला होता. सपाट पातं त्या खड्ड्याच्या दोन काठांवर पुलासारखं टेकत होतं, मोजत होतं काठ, आणि खरा गॅप खड्ड्याच्या तळाशी वाढलेला. असा रॉकर कितीही वेळा सेट करा, वाजणारच. बदलायचा, नाहीतर टोक घासून सरळ करून घ्यायचं. तुमच्याकडची मूळ टिक-टिक यातलीच असू शकते, म्हणून रॉकर हाताशी आहेत तोवर प्रत्येकावरून नख फिरवा.

कव्हर उघडं असताना आणखी दोन गोष्टी बघून घ्या. रॉकर शाफ्टच्या खालच्या बाजूला, जिथे जोर येतो, तिथे पायरी पडली आहे का? रॉकर हाताने आडवा डुलवला तर लगेच कळतं. आणि इंजिन काही सेकंद स्लोवर चालवून सगळ्या रॉकरवर ऑइल पोचतंय का ते बघा. तीन वर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनात वर ऑइल नेणारी बारीक वाट गाळाने बुजलेली असते, हे फार वेळा आढळतं. एका टोकाचे रॉकर न्हाऊन निघालेले आणि दुसऱ्या टोकाचे कोरडे ठाक, असं दिसलं तर आवाजाचं मूळ सापडलं. त्याच वेळी पुश रॉडकडेही नजर टाका. बऱ्याच इंजिनांत तो चालताना स्वतःभोवती सावकाश फिरतो, कारण खालच्या टॅपेटचा तळ किंचित फुगीर आणि कॅमचा उंचवटा किंचित उतरता ठेवलेला असतो. सात रॉड फिरतायत आणि आठवा ढिम्म उभा, तर त्याच्याखालचा टॅपेट किंवा कॅम झिजलेला असण्याची शक्यता मोठी. डायल गेज मिळालं तर पुश रॉडच्या वरच्या टोकाशी प्रत्येकाची उचल मोजा. इनलेटची इनलेटशी, एक्झॉस्टची एक्झॉस्टशी तुलना करा. एक लक्षणीय कमी आला तर कॅम गेला.

आवाज स्क्रू आवळून बंद झाला, म्हणून मी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (हेडमधून जळका वायू नेणाऱ्या पाइपाच्या) पॅकिंगचा विषय काढत नाही. एरवी तेच आधी तपासायला सांगितलं असतं, कारण फुटक्या पॅकिंगची टिक-टिक हुबेहूब टॅपेटसारखी येते आणि इंजिन तापलं की कमी होते. ढिला प्लगही तसाच फसवतो.

टॅपेट मापात आले की कॉम्प्रेशन. बॅटरी भरलेली हवी. प्लग चारही बाहेर, इग्निशन तोडलेलं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. ॲक्सिलरेटर दाबायचा राहिला तर हवा पुरेशी आत येत नाही आणि चांगल्या इंजिनाचे आकडेसुद्धा रडके दिसतात. प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावून प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरने सारखेच, पाच-सहा दणके द्या. जुन्या पेट्रोल इंजिनांत १२० ते १७० पीएसआयच्या (हे दाबाचं एकक) दरम्यान काहीतरी येतं. पण मला आकड्यापेक्षा आकड्यांमधला फरक महत्त्वाचा वाटतो. चारही १३० असतील तर इंजिन म्हातारं आहे, आजारी नाही. १५०, १४५, ६०, १४८ आले तर तिसरा आजारी आहे.

मग त्या तिसऱ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घाला, दोन-चार फेरे फिरवा आणि परत मोजा. ६० चे ११० झाले तर गळती रिंगांतून होती, ऑइलने ती तात्पुरती बुजली. ६० चे ६५ झाले तर रिंगांना दोष देऊ नका, गळती वर आहे. व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली आले असतील तर पॅकिंगवर आधी संशय घ्यायचा.

कॉम्प्रेसरची हवा मिळत असेल तर आणखी पक्कं होतं. तो सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवा सोडा आणि कान लावा. सायलेन्सरमध्ये फुसफूस असेल तर एक्झॉस्ट, कार्ब्युरेटरमध्ये असेल तर इनलेट, ऑइल भरायच्या तोंडाशी असेल तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर पॅकिंग. हवा सोडताना पुलीवर पाना किंवा हात ठेवू नका. पिस्टन टोकापासून जरा जरी सरकलेला असला तरी इंजिन झटक्यात फिरतं आणि मनगट मोडतं.

नशीब चांगलं असेल तर टॅपेट सैल केल्यावरच आकडे सरळ येतील. सात-आठशे किलोमीटर फार नाहीत. गळती नुकती सुरू झाली असेल तर व्हॉल्व्ह परत सीटवर बसतो आणि थोडं चालल्यावर कॉम्प्रेशन सुधारतं. तेव्हा आकडा थोडा कमी आला म्हणून लगेच हेडला हात घालू नका. शंभर-दीडशे किलोमीटर हळू चालवा, परत मोजा. ६० सारखा आकडा असेल तर मात्र वाट बघण्यात अर्थ नाही.

हेड खोलायचंच झालं तर ते इंजिन गाडीतच ठेवून खोलता येतं. ‘इंजिन उतरवा’ या सल्ल्याला तुमच्या पत्रात मला एकही आधार दिसत नाही. रिंगा गेल्याचं लक्षण नाही, खालून ठोक नाही. आवाजाच्या तालावरूनही ते ओळखता येतं. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून व्हॉल्व्हकडची टिक-टिक निम्म्या तालात असते. खालच्या बेअरिंगचा ठोक क्रँकच्या तालात, जास्त जड आणि घुमणारा. तुम्ही ‘टिक-टिक’ लिहिलंय, ‘ठक-ठक’ नाही. मी त्यावर विश्वास ठेवतो.

खोलताना एकच शिस्त पाळा. जे ज्या जागेवरून निघालं ते त्याच जागी परत. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून आकडे टाका आणि पुश रॉड, व्हॉल्व्ह त्यात ओळीने खोचा. टॅपेटही काढले तर तेही. प्रत्येक टॅपेट आपापल्या कॅमबरोबर झिजून जुळलेला असतो. अदलाबदल झाली की दोघंही एकमेकांना खातात. हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण थंड असताना, बाहेरून आत, थोडे थोडे करत सोडा. बसवताना उलट, मधून बाहेर, टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या टप्प्यांनी. व्हॉल्व्हची स्प्रिंग काढताना डोळ्याला चष्मा हवाच. स्प्रिंगला जागेवर धरणारे लॉकचे दोन अर्धे तुकडे सुटले की गोळीसारखे उडतात, आणि हमखास अशा कोपऱ्यात जातात की गुडघ्यावर बसून शोधावं लागतं.

सगळे व्हॉल्व्ह काढायच्या आधी एक स्वस्तातली परीक्षा घ्या. हेड उलटं ठेवून प्रत्येक चेंबरमध्ये थोडं रॉकेल ओता आणि पोर्टमधून थेंब येतात का बघा. कोण गळतंय ते डोळ्यांनी दिसतं.

खाच गेलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह घासून वाचवायच्या भानगडीत पडू नका, बदला. सीटवर खड्डा असेल तर मशीन शॉपमध्ये सीट कापून घ्या. कोन बहुतेक ठिकाणी ४५ अंशांचा असतो, काही इनलेटला ३०. नुसती किंचित काळवंडलेली सीट असेल तर हाताने लॅप करून भागतं. व्हॉल्व्हच्या कडेला बारीक ग्राइंडिंग पेस्टचे चार ठिपके, रबरी कपाची काठी बशीला चिकटवायची आणि दोन तळव्यांत रवीसारखी मागेपुढे फिरवायची. मधूनमधून उचलून जागा बदलायची. सुरुवातीला पेस्ट करकरते, मग आवाज मऊ होतो. पुसून बघितलं की व्हॉल्व्हवर आणि सीटवर सलग राखाडी कडं दिसायला हवं, कुठेही तुटलेलं नको. मग सीटला शिसपेन्सिलने आडव्या रेघा मारा, व्हॉल्व्ह ठेवून किंचित फिरवा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या तर जमलं. एखादी जशीच्या तशी राहिली तर तिथे फट आहे. पेस्टचा कण मागे राहिला तर गाइड खातो, म्हणून धुण्यात कंजुषी नको. आणि व्हॉल्व्ह खोल बसला की गॅप कमी होतो, त्यामुळे बांधून झाल्यावर टॅपेट परत पहिल्यापासून सेट.

हेड मशीन शॉपमध्ये गेलंच आहे तर सीट कडक धातूच्या आहेत का विचारा. पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालायचा शोध जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या थॉमस मिजली यांनी १९२१ साली लावला, तो खरं तर इंजिनाचं ठोकणं थांबवण्यासाठी. पण त्या शिशाचा थर एक्झॉस्ट सीटवर बसायचा आणि मऊ बिडाच्या सीटला सांभाळायचा. शिशाचं पेट्रोल विषारी, ते गेलं ते बरंच झालं. २०२१ च्या जुलैमध्ये अल्जेरियाने विक्री थांबवली आणि रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते जगातून संपलं. पण त्या काळात बांधलेल्या काही इंजिनांत सीट अजून मऊच आहेत. जास्त वेगात, जास्त भारात चालवल्या की त्या हळूहळू खाली झिजत जातात, व्हॉल्व्ह हेडमध्ये रुतत जातो आणि गॅप आपोआप कमी होत जातो. ओळखायचं कसं? एक्झॉस्टचे गॅप सेट करा, हजार किलोमीटरने परत मोजा. कोणी हात न लावता कमी झाले असतील तर सीट खाली चाललीय. त्यावर इलाज कडक सीट बसवून घेण्याचाच.

आता निळा धूर. सकाळी एकदा भपकारा आणि मग साफ, याचा अर्थ रात्रभर वरचं ऑइल गाइडमधून थेंबथेंब उतरून साचलेलं असतं. तीन वर्षं उभ्या गाडीत व्हॉल्व्हचे रबरी सील कडक होऊन तडकतात, त्यात नवल नाही. खात्रीसाठी लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्ये उतरू द्या आणि खाली आल्यावर एकदम रेस द्या. तेव्हा मागे निळा ढग आला तर सील किंवा गाइड. रिंगा गेलेल्या असत्या तर जोर लावताना सतत धूर आला असता. ही परीक्षा अर्थातच टॅपेट नीट झाल्यानंतर घ्यायची, आत्ता नाही.

हेड खोलायची वेळ आली नाही, तरी सील बदलता येतात. त्या सिलिंडरचा पिस्टन खाली असताना प्लगच्या भोकातून नायलॉनची मऊ दोरी आत भरा, टोक बाहेर लटकतं ठेवा, आणि कॉम्प्रेशनच्या बाजूने पिस्टन हाताने वर आणा. दोरीचा गठ्ठा दबून व्हॉल्व्हला खालून आधार देतो, मग स्प्रिंग काढली तरी व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडत नाही. सुतळी वापरू नका, तिचे तंतू आत सुटतात. नवीन सील घालण्याआधी व्हॉल्व्हचा दांडा धरून आडवा हलवून बघा. हाताला स्पष्ट खडखड लागली तर गाइड झिजलंय. नवीन सील काही महिने धूर दाबतील आणि मग जुने दिवस परत येतील.

औषधाबद्दल थोडक्यात. झिजलेला रॉकर बाटलीने भरून येत नाही, आवळलेला स्क्रू बाटलीने सैल होत नाही. त्या पैशात ऑइल आणि फिल्टर बदला. तीन वर्षं उभं असलेलं ऑइल अजून आत असेल तर ते आधी काढा. नवीन घेताना मात्र एक बघा. तुमच्या इंजिनात टॅपेट कॅमवर घासत चालतो, आणि तिथलं संरक्षण ऑइलमधल्या जस्त-फॉस्फरसच्या घटकावर अवलंबून असतं. नव्या गाड्यांतले धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नयेत म्हणून हा घटक पुढे कमी केला गेला. एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या २००४ च्या एसएम दर्जात हलक्या ग्रेडसाठी फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्के झाली. जुन्या इंजिनांसाठी म्हणून विकलं जाणारं, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल घ्या. कधी काळी नवीन कॅम आणि टॅपेट बसवायची वेळ आली तर स्टार्ट केल्याबरोबर २००० ते २५०० आरपीएमवर वीसेक मिनिटं चालवा. स्लोवर गुरगुरत ठेवलं की कॅमवर पुरेसं ऑइल उडत नाही आणि नवा कोरा कॅम पहिल्या अर्ध्या तासात मरतो.

तुमचा भाऊ खोटं बोलत नाही. त्याच्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट असणार, ऑइलच्या दाबाने ते गॅप स्वतःच भरून काढतात. सकाळी स्टार्ट केल्यावर दोन-चार सेकंद वाजले आणि थांबले तर चिंता नाही. वाजतच राहिले तर आधी ऑइलची पातळी बघायला सांगा. कमी चालत नाही तसं जास्तही चालत नाही. जास्त भरलं की क्रँक ते घुसळून फेस करतो आणि फेसाने टॅपेट भरत नाही. तुमच्या इंजिनावर ते बसवून घ्यायचा विचार डोक्यात आला असेल तर काढून टाका.

वहीत लिहिलेले आठ जुने गॅप, चार कोरडी कॉम्प्रेशन आणि जो सिलिंडर कमी येईल त्याचं ऑइल घातल्यानंतरचं कॉम्प्रेशन, एवढे आकडे मला कळवा. हेडचा एकही बोल्ट त्याआधी सोडू नका.